दाजींच्या हाताला साजेशी चकती

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे प्रत्यक्ष घातला तर उठवायला माणूस लागेल, म्हणून पत्रातच घालतो. तू मनातल्या मनात आशीर्वाद दे, त्याला ‘वजन कमी कर’ हे शेपूट जोडू नकोस.) इकडे आम्ही दोघं ठीक. तुझी भावजय मजेत आहे, म्हणजे माझ्यावर ओरडण्याइतकी ताकद तिच्या अंगात शाबूत आहे. तुझी पाठ कशी आहे? स्वयंपाकघराच्या खिडकीतली कोरफड कशी आहे? (या चौकशीला कारण आहे, पण ते पुढे येईल.) आणि दाजींचा खांदा? डॉक्टरीणबाई तर म्हणाल्या होत्या की हाड छान जुळलंय, आता हात हलवत राहा, वापरत राहा. वर्तमानपत्राची पानं उलटण्यापलीकडे दाजी तो वापरतात का, ते कळव.

तुझा चष्मा अजून माझ्याकडेच आहे, त्याबद्दल रागावू नकोस. काडीच्या बिजागरीचा स्क्रू इतका बारीक असतो की तो मागवावा लागतो, आणि मागवलेला स्क्रू वाटेत कुठे गडप होतो हे देवालाच माहीत. तेव्हा हे पत्र तुला दाजींकडूनच वाचून घ्यावं लागणार. माझी हरकत नाही. फक्त जिथे जिथे कंस आहे तो मजकूर खासगी, बहीणभावांतला आहे; दाजींनी तो न वाचता ओलांडून पुढे जावं. (मग तो तुला वाचून कोण दाखवणार, हा प्रश्न मला आत्ता, लिहून झाल्यावर सुचला. असो. लिफ्ट दुरुस्त करायचे तेव्हा दाजी यंत्राचं माहितीपुस्तक छापणाऱ्याच्या पत्त्यासकट वाचून काढायचे. हा माणूस कंस सोडेल असं मला वाटत नाही.) फोन का नाही केला म्हणशील, तर फोनवर दाजी ‘बरं आहे’ एवढं म्हणून रिसीव्हर तुझ्या हातात देतात, आणि तू माझ्या वजनावर येतेस. पत्राला मधेच ‘बरं आहे’ म्हणता येत नाही.

तर झालं असं की मला नव्या चकत्या घ्यायच्या होत्या. स्वतःसाठी. (स्वतःसाठी, हे पुन्हा एकदा लिहितो.) इतकी वर्षं दाजींच्या चिखलानं बरबटलेल्या पँटी धुऊनही तुझ्या मते आमचा डिस्क गोल्फ म्हणजे मोठ्या माणसांनी झाडीत ताटल्या फेकायच्या आणि मग त्या शोधत हिंडायचं. व्याख्या चुकीची नाही. फक्त शेवटी साखळ्या लोंबणारी एक टोपली असते, आणि चकती त्या साखळ्यांत जाऊन पडली की जो खळ्ळकन आवाज होतो ना, त्या एका आवाजासाठी आम्ही रविवारची झोप मोडतो. आता उजव्या हातानं फेकलेली चकती वेग संपत आला की डावीकडे कलंडते, हा तिचा जन्मजात गुण. पण काही फारच कलंडतात. त्यांना ओव्हरस्टेबल म्हणतात, मी हट्टी म्हणतो. अशा चकतीला सरळ न्यायचं तर दंडात जोर पाहिजे. जोर कमी पडला की ती रुसल्यासारखी डावीकडे जाऊन बसते. दुसऱ्या जातीला अंडरस्टेबल म्हणतात, मी समजूतदार म्हणतो. ती फेकणाऱ्याचं ऐकते. जोरात फेकलीत तर उजवीकडे वळेल, हळू फेकलीत तर सरळ, निवांत, तरंगत जाईल. मला हव्या होत्या त्या या जातीतल्या मधल्या पल्ल्याच्या, ज्यांना दुकानात फेअरवे ड्रायव्हर म्हणतात. फार लांब जाणाऱ्या नव्हेत, पण झाडांमधल्या वाटेनं नीट नेणाऱ्या. दाजींनी अशी चकती आयुष्यात विकत घेतली नाही. समजूतदार चकतीला कणा नसतो, असं त्यांचं मत होतं. (मत होतं म्हणतोय. हल्ली ते कुठलंच मत देत नाहीत, तेच मला खुपतंय.)

तुला तो रविवार आठवतो का, दाजी खांद्याचा पट्टा काढल्यावर पहिल्यांदा मैदानावर आले होते तो? तुला त्यांनी काय सांगितलं कोण जाणे. मी काय पाहिलं ते सांगतो. जन्मभर लिफ्टच्या खोल बोळात दोरांना लटकून काम केलेला माणूस घरातला दिवा बदलताना स्टुलावरून पडला, यावर आम्ही सगळ्यांनी हसून घेतलं, तेही हसले. मग त्यांनी पिशवीतून ती काळी चकती काढली, त्यांची लाडकी, हट्टींमधली हट्टी. पाय रोवले, हात मागे नेला, आणि फेकली. ती जेमतेम पहिल्या झाडापर्यंत गेली, डावीकडे मान टाकून तळ्यात बुडाली. बेकरीवाली (ती पहाटेची भट्टी आवरून, केसांत पीठ घेऊनच खेळायला येते, कणीक तिंबून दंड असे झालेत की तिची चकती नजरेआड होते) लांब दांड्याचं दंताळं घेऊन तळ्याकडे निघाली, तर दाजी म्हणाले, राहू दे गं, आता तिचं काय काम. मग माझ्या थर्मासमधला चहा अर्धा कप प्यायले, चहा चांगला झालाय म्हणाले, आणि घरी गेले. ताई, माझा चहा चांगला झालाय असं तुझा नवरा याआधी कधीही म्हणालेला नाही.

त्यानंतर ते आलेच नाहीत. रविवारी मी जातो, पण कुणी माझ्या फेकीला नावं ठेवत नाही. पूर्वी मी चुकलो की ‘भिंग्या, स्वतःला एक चष्मा कर’ हे ठरलेलं होतं. आता चुकलो की सगळे ‘छान, छान’ म्हणतात. छान ऐकायला मी पहाटे उठत नाही.

म्हणून (म्हणजे स्वतःसाठी) मी खेळाच्या दुकानात गेलो. तिथल्या बाईंनी माझ्यासमोर पाच-सहा चकत्या मांडल्या. प्रत्येकीवर चार आकडे: वेग, तरंगणं, वळणं, कलंडणं. वळण्याच्या जागी उणे दोन, उणे तीन पाहिलं आणि मी सुखावलो. उणे आकडा म्हणजे माझं माहेर! उणे तीनवाल्याला लांबचं दिसत नाही, मी म्हटलं, जवळून वापरायची असेल. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे सांगितलं, उणे म्हणजे उजवीकडे वळणारी, समजूतदार. बरं. पण नवी घ्यायची पंचाईत होती. नवी कोरी चमचमती चकती हातात ठेवली की कुणालाही वाटणार, माझी कीव करून आणलीय. (कुणालाही, म्हणजे मला.) तेव्हा मी वापरलेल्यांची पेटी मागितली. तळ्यातून काढलेल्या, लोकांनी विकून टाकलेल्या, ओरखड्यांनी भरलेल्या चकत्या. आकडे घासून गेलेले. बाई म्हणाल्या, यांचं काही सांगता येत नाही, फेकून बघा, उजवीकडे वळेल ती तुमची. पेटीच घेऊन जा, नको त्या परत आणा.

आता परीक्षा घ्यायची तर हात कमी जोराचा हवा. माझा उजवा हात देवदयेनं ठणठणीत आहे. तेव्हा मी म्हटलं, डावा वापरावा! डाव्या हातानं मला धड दार उघडता येत नाही, इतका तो बिनकामाचा, आजाऱ्यालाही लाजवील. उजवा हात मधेच मदतीला धावू नये म्हणून तुझ्या भावजयीच्या ओढणीनं गळ्यात बांधला. आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेत मी असा एका हातानं चकत्या फेकतोय आणि दुसऱ्या हाताला ओढणी, हे बघून वरच्या मजल्यावरचे शिंपीबुवा धावत खाली आले. हात मोडला का विचारलं. नाही म्हटलं. मग बांधलाय का? मी म्हटलं, मोडल्यासारखा वाटावा म्हणून. ते परत वर गेले, आणि आता जिन्यात भेटले की माझ्याशी फार सावकाश, स्पष्ट उच्चार करून बोलतात.

पण परीक्षा झकास झाली. बहुतेक चकत्या कशाबशा सरळ गेल्या, त्या मी नापास केल्या. तीन मात्र अशा निघाल्या की काय सांगू! हातातून सुटल्या रे सुटल्या की सरळ उजवीकडे. वळण काय, नुसती लोळण. मी टाळ्या वाजवणार होतो, पण एक हात बांधलेला. उजवीकडे वळेल ती तुमची, बाई म्हणाल्याच होत्या. त्या तीन ठेवल्या, बाकीच्या परत दिल्या, आणि रविवारी छाती काढून मैदानावर गेलो. सगळ्यांना म्हटलं, बघा, समजूतदार म्हणजे काय ते बघा. दाजींसारखी हलक्या हातानं फेक करून दाखवतो. (इथे माझ्या तोंडून खरं निसटलं. दाजी, हे वाचू नका.)

पहिली फेकली, ती डावीकडे कचऱ्याच्या डब्यावर आपटली. म्हटलं, वारा असेल. दुसरी डावीकडे काटेरी कुंपणात. तिसरी फेकायला नको होती, पण माणसाचा स्वभाव. ती डावीकडे तळ्यात गेली, नेमकी दाजींची गेली होती तिथेच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बेकरीवालीनं दंताळ्यानं चकती ओढून काढली, बोटांनी तिची कड चाचपली आणि म्हणाली, काका, या तिन्ही इतक्या हट्टी आहेत की मलासुद्धा आवरणार नाहीत. कुणी गळ्यात मारल्या? मी म्हटलं, मीच निवडल्या, शास्त्रशुद्ध परीक्षा घेऊन. तिनं मला खिशातला एक गरम पाव दिला. लहान मूल पडलं की देतात तसा.

उलगडा दुसऱ्या दिवशी माझ्या चष्म्याच्या दुकानात झाला. तुला माझी खोली ठाऊक आहे, लांबीला अपुरी. म्हणून अक्षरांचा तक्ता गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे टांगलेला आणि समोर आरसा. तक्त्यावर अक्षरं उलटी छापलेली, म्हणजे आरशात सुलटी दिसतात. जन्म गेला माझा या आरशासमोर. एक बँकेतले गृहस्थ खुर्चीत बसले होते, मी काचा बदलत होतो, आणि त्यांनी जांभई दाबायला डावा हात तोंडाशी नेला. आरशातल्या माणसानं उजवा नेला. मी ‘अरेरे!’ असा मोठ्यानं ओरडलो. ताई, डाव्या हातानं फेकलं की सगळं उलटं होतं! चकती उलटी फिरते, हट्टी असली तर उजवीकडे पडते. मी शोधून शोधून, निवडून निवडून त्या पेटीतल्या सर्वांत हट्टी तीन घरी आणल्या होत्या, आणि ज्या गरीब बिचाऱ्या सरळ गेल्या, ज्या दाजींच्या हाताला अगदी बेतल्यासारख्या होत्या, त्या नापास करून परत दिल्या होत्या. बँकेतले गृहस्थ खुर्चीचे हात धरून विचारत होते, फार वाईट आहे का हो, दोन्ही डोळ्यांचं का? त्यांची समजूत घालण्यात सकाळ गेली. तरी जाताना त्यांनी दुसरीकडे दाखवायचं ठरवलेलं दिसलं.

खेळाच्या दुकानात परत गेलो तर त्या चकत्या विकल्या गेलेल्या. एक शाळाच येऊन सगळी पेटी घेऊन गेली म्हणे. मुलांचं भलं होवो. मी तोंड पाडून बेकरीत गेलो आणि सगळं सांगून टाकलं, कुणासाठी तेही. बेकरीवाली आधी हसली, ट्रे खाली ठेवावा लागला इतकी हसली. मग डोळे पुसून म्हणाली, पण काका, समजूतदार चकती विकतच घ्यायला हवी असं नाही. हट्टी असली तरी वर्षानुवर्षं झाडांवर आपटून आपटून, दगडांवर घासून तिचा हट्ट जातो. कड मऊ होते. मग ती आपोआप ऐकायला लागते. दाजींची ती नारिंगी होती ना, ती कुठे गेली?

ताई, मी तिथेच मटकन पिठाच्या पोत्यावर बसलो. (पँट तुझ्या भावजयीनं झटकली, शब्द मी झेलले.) ती नारिंगी! नवी होती तेव्हा दाजींशिवाय कुणाला जुमानत नसे. तिसऱ्या टोपलीच्या वाटेवरचं ते वाकडं झाड, त्याच्यावर ती किती आपटली असेल याला सुमार नाही. आणि मग एका वर्षी ती दाजींच्या जोरदार फेकीला उजवीकडे वळून झुडपात शिरायला लागली. दाजी म्हणाले, म्हातारी झाली, आणि पिशवीतून काढून टाकली. मी शहरभर पेट्या उपसत होतो आणि ती कुठे होती? काखेत कळसा म्हणतात तो असा. मागच्या वेळी तुझ्याकडे चहा पिताना मी ती समोर बघत होतो. तुझ्या कोरफडीच्या कुंडीखाली, पाणी झेलायला ठेवलेली.

ती म्हातारी झाली नव्हती गं. दाजींचा हात तेव्हा तिच्यासाठी जास्त जोराचा होता, एवढंच. आता दोघांचं जमेल.

मला एवढंच म्हणायचं होतं. दाजींना यातलं काही सांगू नकोस. त्यांना वाटेल, मी त्यांच्यासाठी खटपट करतोय. मी माझ्यासाठी करतोय. मला त्यांच्याशिवाय करमत नाही, आणि हे मी त्यांच्या तोंडावर म्हणू शकत नाही. ते ‘चहा चांगला झालाय’ म्हणतील आणि विषय संपेल. बाकी सर्व ठीक. पाठीला शेक घेत जा.

तुझा धाकटा भाऊ,
भिंग्या

ता. क. कुंडीखाली ठेवायला मातीची बशी सोबत पाठवतोय, सांभाळून उघड. चकती साबणानं धू. कोरफडीच्या मुळांनी तिला धरलं असेल तर ओढू नकोस, हळूच सोडव.

ता. क. २. दाजी, तुम्ही सगळे कंस वाचलेत हे मला ठाऊक आहे. ते तुमच्यासाठीच होते. चष्म्याचा स्क्रू ताईनं चष्मा दिला त्याच दिवशी माझ्याच खणात सापडला होता आणि चष्मा पुसून डबीत तयार आहे. पण तो तयार म्हणून दिला असता तर हे पत्र ताईनं स्वतः वाचलं असतं आणि तुम्हाला ‘तो ठीक आहे, वजन वाढलंय’ एवढाच सारांश मिळाला असता. ताईला चष्मा हवा असेल तर रविवारी सकाळी तिला घेऊन मैदानावर या. पहिल्या टोपलीपाशी देईन, दुकानात देणार नाही. तोवर तिला रोजचं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवावं लागेल, पाककृतींसकट. विचार करा.

ता. क. ३. त्या तीन हट्टी चकत्या मी ठेवल्या आहेत. खांदा पूर्ण भरला की तुम्हाला लागतील.

ता. क. ४. आणि नाहीच भरला, तर त्याचीही तजवीज केलीय. शिंपीबुवा काहीही समजोत, मी रोज संध्याकाळी घरामागे डाव्या हातानं फेकायचा सराव करतोय. उजवा चालेना तर तुम्हीही डावा वापरा. तुम्हालाही येणार नाही, मलाही येत नाही. सगळं उलट्या बाजूला जाईल, पण दोघांचं एकाच बाजूला जाईल, म्हणजे शोधायला तरी बरोबर जाता येईल.